श्वासाची बाजू

...इयरफोनची ती रबराची इवलीशी टोपी कानात काही केल्या बसेना. बोटानं दाबून धरली की बसायची, बोट काढलं की घरंगळून मांडीवर. म्हातारपणी माणसाचे कान वाढतात म्हणतात. मग एवढीशी वस्तू त्यात हरवून जायला हवी होती. पण ती सुनेच्या कानाच्या मापाची, तिला सासूचा कान मानवत नसावा. शेवटी तिनं ती उजव्या कानाशी नुसती धरून ठेवली, एखादं पोर गुपित सांगायला आलं की आपण मान कलती करतो तशी मान करून, आणि अंगठ्यानं फोनच्या पडद्यावरचा तो आडवा त्रिकोण दाबला.

“...धरणाच्या भिंतीला तडे गेले आहेत. नदीकाठच्या सर्व वस्त्यांनी आपली घरे ताबडतोब सोडून उंच जागी जावे. सोबत केवळ पाणी आणि औषधे घ्यावीत. धावू नये. वृद्धांना आणि मुलांना पुढे घालावे...”

धावू नये. हे दोन शब्द कसे ठेवलेत — ठेवलेतच म्हणायचं, झोपलेल्या मुलाला अंथरुणावर ठेवतात तसे. बाकीची वाक्यं चालतात, हे वाक्य थांबतं. काल दुपारपासून किती वेळा ऐकलं तिनं, पण त्या शब्दांपाशी आलं की हातातलं काम गळून पडायचं. आतासुद्धा गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेला चहा तसाच निवत होता, त्यावर साय धरली होती, आणि खाली रस्त्यावर झाडूवाला काल पळालेल्या माणसांच्या सुटून पडलेल्या चपलांचा ढीग करत होता.

काल दुपारी हा आवाज इमारतीच्या ग्रुपवर आला तेव्हा घरात सगळे होते. मुलानं ऐकला, धरणाच्या कचेरीत फोन लावला, कुणीतरी वैतागून ‘काहीही झालेलं नाही’ म्हणून सांगितलं, तेव्हा तो सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, “काय आवाज लावलाय बघ भामट्यानं. जसा काही देवमाणूस.”

भामटा.

ज्याला तो भामटा म्हणाला तो त्याचा बाप होता. बाप गेला तेव्हा हा तीन वर्षांचा, नाक सदा वाहतं. त्याला बापाची मिशी आठवते म्हणतो, तीही फोटोतली असेल. आवाज कुठून आठवणार? आवाजाचा काही फोटो नव्हता घरात.

ते निवेदक होते त्या केंद्रावर सुद्धा नव्हता. ते गेल्यावर वर्षभरानं ती रेडिओ केंद्रात गेली होती — पहिल्यांदाच डबा द्यायच्या मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं — आणि फिती सांभाळणाऱ्या गृहस्थांना म्हणाली होती, एक द्या, कुठलीही, हवामानाची चालेल. ते गृहस्थ भले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की फितींचा तुटवडा असतो, एकाच फितीवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करावं लागतं. “म्हणजे पुसलं?” तिनं विचारलं. “पुसलं नाही म्हणता येणार, वहिनी,” ते म्हणाले, “त्यावर दुसरं आलं.” काय आलं? बाजारभाव. कांद्याबटाट्याचे. परत येताना ती स्वतःशीच हसली होती, रडायच्या ऐवजी, कारण हे ऐकून सगळ्यांत जास्त तेच हसले असते.

आणि आता, इतक्या वर्षांनी, जे कुणी मागितलं नव्हतं अशा एका खोट्यातून...

“वहिनी!” खालून पोस्टमास्तरांनी हाक मारली. ते निवृत्त होऊन युगं लोटली, पण इमारतीला ते पोस्टमास्तरच. “चहा प्या, निवतोय! की अजून पुराची वाट बघताय?”

“तुम्हीच काल बॅग घेऊन पळालात म्हणे.”

“पळालो. अहो, धावू नये म्हणाला म्हणून चालत पळालो!” आपल्याच विनोदावर ते हसले, मग जरा ओशाळून वर पाहत म्हणाले, “खरं सांगू? मी असले मेसेज ढिगानं पाहिलेत, आलेले तसे पुसतो. पण तो आवाज असा होता की उठावंच लागलं. बसून ऐकता येईना. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी जिन्यात पडली, खुबा मोडला तिचा. कोण मेला असं करतो...”

ती आत आली. उठावंच लागलं — या शब्दांनी छातीत काहीतरी फुललं होतं आणि खुब्याच्या नावानं लगेच मिटलं होतं. आपल्याला अभिमान वाटला की काय? कुणाचा खुबा मोडलाय आणि आपण...

*

न्याहारीच्या वेळी मुलगा फोनवर वाचत होता. “हं, निकाल आला. अफवांची पडताळणी करणाऱ्यांनी तपासलं. दावा खोटा. आणि बघ काय लिहिलंय, आवाज यंत्रानं बनवलेला असण्याची दाट शक्यता. बोलण्यात कुठेही श्वास घेतल्याचा आवाज नाही. माणूस एवढं बोलेल तर मधे श्वास घेईल की नाही?”

“म्हणजे कुणी बोललेलंच नाही?” सुनेनं विचारलं.

“असा माणूसच नाही. सगळं संगणकाचं.” त्यानं घास घेतला. “मला वाटलंच होतं. इतकं स्वच्छ कोण बोलतं?”

तिच्या हातातला चमचा बशीवर वाजला. सून म्हणाली, “आई, तुम्ही तो ऐकत बसू नका हो. रात्रभर कूस बदलत होतात. उगाच बीपी वाढेल.”

“नाही ऐकत,” ती म्हणाली.

भामटा म्हणाला ते तिनं गिळलं होतं. खोटा म्हणा, तेही चालेल, खोटंच आहे ते, धरण जागच्या जागी आहे. पण असा माणूसच नाही? हे तिच्या घशाखाली उतरेना. माणूस जातो, त्याच्या फितीवर कांदे-बटाटे येतात, त्याच्या शर्टाची पायपुसणी होतात, हे सगळं रीतीचं आहे. पण तो नव्हताच असं कुणी छापील अक्षरांत सांगायचं...

दोघं कामावर गेल्यावर तिनं त्या बातमीच्या तळाशी दिलेला नंबर लावला.

*

दुपारी एक मुलगी आली. पडताळणीच्या कचेरीतली, केस मानेवर कसेतरी बांधलेले, पाठीला पिशवी, डोळ्यांखाली जाग्रण. तिनं आधी पाणी मागितलं, मग सॉकेट. लॅपटॉप उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, “आजी, तुम्ही सांगताय ते मला खोटं वाटत नाही. पण कालपासून चार बायकांनी फोन केले. एकीला तो तिचा भाऊ वाटतोय, एकीला तिचा जुना हेडमास्तर. तेव्हा तुम्ही म्हणता म्हणून मी लिहू शकत नाही.”

“लिहूच नकोस. दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय हेही वाचायचे नाहीत. एकदा मंत्र्याच्या निधनाची बातमी हातात असून वाचली नाही. मंत्री दुसऱ्या दिवशी गेले, ती गोष्ट वेगळी.”

मुलगी हसली. “केंद्रावर त्यांना काय म्हणायचे?”

“घड्याळ. कुठलंही निवेदन असो, आधी वेळ सांगायचे, मग स्वतःचं नाव, मग बाकीचं. आणि मला म्हणायचे घड्याळाची किल्ली.” हे सांगताना आपण लाजलो हे तिच्या लक्षात आलं, आणि या वयात लाजल्याचा राग आला. “या निवेदनात वेळ नाही, बघ. नावही नाही. कारण सराव आहे. तसली निवेदनं आधीच ध्वनिमुद्रित करून कपाटात ठेवायचे — धरणाचं, आगीचं — देव करो नि लागू नयेत. ती वाचायची कशी ते ह्यांना जमेना. मग केंद्रातल्या इंजिनियरांचं फितीचं यंत्र मागून आणलं घरी.”

स्वयंपाकघरातलं ते टेबल... एक पाय आखूड, त्याखाली घडी करून घातलेला कागद. ते समोर, ती डाव्या हाताला, मधे ते यंत्र, त्याच्या दोन चकत्या फिरताहेत, मागच्या खोलीत पोर सर्दीनं घुरघुरत झोपलंय, आणि ते पुन्हा पुन्हा तेच वाचताहेत. घाबरवायचं नाही गं, पण झोपवायचंही नाही. तू नदीकाठची बाई आहेस असं धर. उठशील का? आणि ती म्हणायची, नाही उठणार, भाजी चढवलीय. पुन्हा वाचायचे. आता? आता उठेन, पण आधी गॅस बंद करीन. पुन्हा. किती वेळा कोण जाणे. शेवटी एकदा असं वाचलं की ती खरोखरच खुर्चीतून उठली, नकळत, हातातल्या शेंगांसकट उठून उभी राहिली... आणि ते म्हणाले, हां. हेच.

“आणि श्वास?” मुलीनं विचारलं. “आमचं सगळं त्यावरच अडलंय. एवढ्या बोलण्यात एकही श्वास नाही.”

“श्वास माइकवर सोडायचा नाही अशी त्यांची सवय होती. ऐकणाऱ्याच्या कानात आपला दम कशाला? मान वळवायचे. घेतला श्वास, की परत समोर.”

“कुठे वळवायचे?”

“डावीकडे.”

पुढचं तिनं सांगितलं नाही. डावीकडे मी होते. केंद्रावर डावीकडे भिंत असेल, काचेची खिडकी असेल. पण घरी डावीकडे मी होते, आणि शब्द सगळे जगासाठी समोर जायचे, नदीकाठच्या त्या न पाहिलेल्या माणसांसाठी, आणि मधे मधे मान वळायची आणि तो तेवढा ऊन, चहाचा वास असलेला श्वास माझ्या गालावर... आणि डोळे. वाचणाऱ्याचे डोळे कागदावरून उठून क्षणभर माझ्यावर, आणि परत. लोकांकडे त्यांचा आवाज गेला, माझ्याकडे ही बाजू आली असं मी मानत आले. म्हणून तर काल ऐकताना इतका आनंद झाला आणि तरी काहीतरी राहिल्यासारखं, पाहुणा येऊन चप्पल न काढताच गेल्यासारखं वाटत होतं. शब्द सगळे आले होते. श्वास एकही आला नव्हता.

मुलीनं पडद्यावर आवाजाची रांग उघडली होती. डोंगरासारखे उंचवटे, मधे सपाट जागा. “हे बघा, या सपाट जागा म्हणजे थांबे. मी फक्त या मोठ्या करून बघते. यंत्रानं बनवलेला असेल तर इथे काहीच नसणार, कोरडं.”

“तिथे शेंगा सोलल्याचा आवाज येईल,” ती घाईनं म्हणाली. “मी मटार सोलत होते, स्टीलच्या...”

“आजी, थांबा.” मुलीनं हात वर केला. “आधी सांगायचं नाही. आधी सांगितलं की ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. अफवा अशीच तर चालते. ऐकायच्या आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं.”

मग तिनं कानावरचे ते मोठे, गादीसारखे हेडफोन काढून म्हातारीच्या डोक्यावर चढवले. हे बरोबर बसले.

आधी नुसता खरखराट, पावसासारखा जाड. मग त्याच्या तळातून, लांबून, दाराआडून यावा तसा...

एक श्वास.

घेतलेला, नाकानं, हलकेच, अर्धवट. आणि मग कुठेतरी मान परत वळल्याचं मौन. तिनं टेबलाची कड धरली. मुलगी दुसऱ्या सपाट जागेवर गेली. तिथेही होता. तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी होता, दूरचा, आडवा, दुसरीकडे तोंड केलेल्या माणसाचा.

“आहे,” मुलगी पुटपुटली. जाग्रणाचे डोळे एकदम उजळले. “माइकपासून लांब आहे, पण आहे. बनवणाऱ्याला हे सुचणारच नाही. आजी, आमचं चुकलं. यंत्र नाही हे. माणूस आहे.”

माणूस आहे. ‘होता’ असं म्हणायला हवं होतं तिनं. पण पडताळणीवालीच म्हणतेय तर...

“पण शेंगा नाहीत,” मुलगी म्हणाली.

“हं?”

“मागे टिकटिक आहे, ती शेंगांची नाही. एकसारखी आहे, बघा. घड्याळाची आहे.”

तिनं पुन्हा ऐकलं. टिक. टिक. शेंग अशी पडत नाही. शेंग कधी दोन दाणे टाकते कधी पाच. आणि मग ते मनगटी घड्याळ डोळ्यांपुढे आलं, चामड्याचा पट्टा उलटा पडलेला, माइकच्या अगदी पायाशी. वाचायला बसले की पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ काढून पुढ्यात ठेवायचे. हे ती कशी विसरली? साऱ्या जगानं ज्यांना घड्याळ म्हटलं त्यांचं घड्याळ तिच्या आठवणीतून गळालं, आणि त्या जागी शेंगा आल्या... त्यावर दुसरं आलं. मटार सोललेही असतील, दुसऱ्या कुठल्या दुपारी. इतकी वर्षं ती ही दुपार स्वतःलाच सांगत आली होती, दर वेळी एखादा दाणा घालून, आणि पुढे पाठवत आली होती — सकाळची ती संध्याकाळच्या तिला, तरुणपणीची ती म्हातारीला — कुणी तपासायला नव्हतं. मग आपण शेंगांसकट उठून उभ्या राहिलो होतो का? की नुसत्याच उठलो? की...

“वाईट वाटून घेऊ नका,” मुलगी म्हणाली. “श्वासाचं खरं निघालं ना.”

“अर्धं खरं म्हणजे तुमच्याकडे काय लिहितात?”

“दिशाभूल.” मुलीनं जीभ चावली. “म्हणजे, तसं नव्हे हो...”

दोघी हसल्या. तिनं मग इंजिनियरांचं नाव सांगितलं, त्यांचं घर कुठल्या पेठेत होतं ते सांगितलं. यंत्राबरोबर फीतही परत गेली होती, तिच्यावरही दुसरंच आलं असणार असं तिनं धरलं होतं. मुलगी म्हणाली, शोधते. जाताना पिशवी पाठीवर चढवत तिनं विचारलं, “नाव द्यायचं का त्यांचं बातमीत? दिलं तर माणूस खरा होता हे कळेल. पण मग ही अफवा आणि त्यांचं नाव कायमचं एकत्र राहील. लोक अर्धंच वाचतात. काहींना तेच भामटे वाटतील.”

“मला विचारून काय उपयोग? ते नाव माझ्या मुलाच्याही नावात आहे.” मग, दारात, मुलीनं एक पाय चपलेत घातला असताना, तिनं म्हटलं, “एक करशील? ते शब्द सगळे काढून टाक, आणि नुसते थांबे एकापुढे एक जोडून दे मला.”

मुलगी घुटमळली. “आजी, ही पण काटछाटच झाली. त्या लोकांनीही तेच केलं असणार, पाहिजे तेवढं ठेवलं असणार.”

“हो. पण मी पुढे पाठवणार नाही.”

*

उन्हं कलल्यावर मुलीचा निरोप आला. इंजिनियरांच्या नातवानं आजोबांच्या जुन्या फिती इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावर हौसेनं चढवल्या होत्या, त्यात ती सापडली. आरंभी स्पष्ट शब्द होते, ‘हा सराव आहे’, तेवढेच कुणीतरी छाटले होते. ‘यंत्राचा आवाज ही आमची चूक, दुरुस्ती छापतोय. नावाचं आज कळवाल का? आणि तुम्ही मागितलेलं सोबत आहे, मूळ फितीवरून काढलंय, जास्त स्वच्छ येईल.’

ती पलंगावर बसली आणि बोटानं रबरी टोपी दाबून धरून ऐकू लागली. धरण नव्हतं. नदी नव्हती, नदीकाठची माणसं नव्हती, कुणाला कुठे जायचं नव्हतं. नुसता एक माणूस शेजारी बसून श्वास घेत होता. घड्याळ चाललं होतं. असं कितीदा मागितलं होतं तिनं, अंधारात, उशीच्या कडेला — बोलू नका, नुसते बसा. आता ते बसले होते. आणि गंमत अशी की ती त्या श्वासांच्या मधे कान देऊन शब्दांची वाट पाहत होती. धावू नये. आता येईल, आता... ते आपणच काढायला लावलेत हे मग लक्षात यायचं.

शेवटच्या थांब्यात मात्र आणखी काहीतरी होतं. ती पुन्हा मागे गेली. श्वास, टिक, टिक, आणि त्यांच्या आड एक बारीक, ओली, चोंदल्या नाकाची शिट्टी. वाजून थांबणारी. पुन्हा वाजणारी. मागच्या खोलीतून यावी तशी...

की फितीचाच चरचराट? शेंगांचंही असंच खरं वाटलं होतं. ज्याची आस असते ते कानाला आधी कळतं, कान मग शोधतो आणि मिळवतोच. तिनं टोपी खाली ठेवली.

लॅचची किल्ली फिरली. मुलगा आला, बूट दारात काढले, नेहमीप्रमाणे एक उभा एक आडवा. “आई, कळलं का, ते पडताळणीवाले आता म्हणतात आवाज खरा आहे. कुणीतरी होता म्हणे जुना निवेदक.” तो तिच्याजवळ पलंगावर टेकला. “तू अजून तेच ऐकतेयस? सकाळी काय ठरलं होतं?”

“ते नाही. हे दुसरं. ऐक जरा.”

“काय आहे?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, कानशिलावर पांढरे केस; नाक अजून सर्दीनं चोंदलेलं. तोंडाशी सगळं आलं — हे तुझे बाबा, भामटा नव्हेत, हे घड्याळ, ही माझी बाजू, आणि शेवटी नीट ऐक, शेवटी तिथे — तोंडाशी आलेलं तिनं तिथेच थोपवून धरलं. आयुष्यभर तिनंच सांगितलं होतं त्याला. मिशी सांगितली, हसणं सांगितलं, कांदे-बटाटेही सांगितले. त्याच्याजवळ बापाचं जे जे होतं ते सगळं तिच्याकडून आलेलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “तू ऐक आणि काय येतं ते सांग.”

तिनं टोपी त्याच्या हातात दिली. त्याच्या कानात ती एका फटक्यात बसली. त्यानं त्रिकोण दाबला.

“यात तर कुणी बोलतच नाहीये,” तो म्हणाला.

“थांब.”

त्यानं कपाळाला आठी घातली. खोलीत आता तिला काहीच ऐकू येत नव्हतं, जे होतं ते सगळं त्याच्या कानात होतं. तिला फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आणि उशीपाशी पडलेल्या फोनवर मुलीचा नावाबद्दलचा तो प्रश्न. पहिला थांबा गेला असेल. दुसरा. त्यानं डोळे मिटले. मग, नीट ऐकू यावं म्हणून की काय कोण जाणे, त्यानं हळूच मान वळवली, डावीकडे, तिच्या बाजूला, आणि त्याचा श्वास तिच्या हातावर आला. तिनं हात हलवला नाही. शेवटचा थांबा अजून यायचा होता.